खाली कुणाचंच चित्र नाही

४ मार्च

अहो,

तुमचं पत्र मिळालं. "इथे सगळं उत्तम आहे" हे वाक्य त्यात चार वेळा आहे. एकदाच लिहिलं असतंत तर माझा विश्वास बसला असता.

पंधरा एप्रिलला चिरंजीव येऊन घर बंद करणार आणि मलाही तिकडे त्याच्या घरी घेऊन जाणार, असं तुम्ही बापलेकांनी बसून ठरवलंत. या घरात राहायला त्याच्या ऑफिसातलं, बदलीवर इकडे येणारं एक कुटुंबही शोधून ठेवलंत. कामाचा उरक दांडगा आहे. फक्त जिला उचलून न्यायचं तिला विचारायचं तेवढं राहून गेलं. मी फोनवरच बोलले असते, पण फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येत नाही आणि तरी तुम्ही "हो हो" म्हणता. जन्मभर बांधकाम खात्यात काढलेल्या माणसाला लेखी कळवलेलं बरं. तर लेखी कळवते. मी येत नाही.

तुम्ही विचारलंय, "तू एकटी दिवसभर करतेस तरी काय?" सांगते.

सकाळी सहाला आमची सात जणांची टोळी चौकात जमते. पुढारी म्हणजे पेंटर. या गावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांनी हातानं रंगवल्या, ते तुम्हाला माहीत आहेत. आता पाट्या छापून येतात, तेव्हा पेंटर आमच्यासारख्या रिकामटेकड्यांना चित्रं काढायला शिकवतात. समोरची शिंपीणबाईही येते. तिचं मशीन आता लेक चालवते, म्हणून ती मोकळी. ओढ्याच्या काठाकाठानं जायचं, पुलावरून पलीकडे उतरायचं आणि पेंटर थांबतील तिथे बसून समोर दिसेल ते काढायचं. पंधरा दिवसांपूर्वी सगळी झाडं म्हणजे नुसत्या काटक्या होत्या. आता तुतीला पानं फुटलीत, एवढीएवढीशी, चुरगळलेली, इस्त्री न केलेल्या कपड्यांसारखी. एवढी वर्षं या गावात राहिले, पण सकाळी सहाला हा ओढा कसा दिसतो ते मला ठाऊक नव्हतं. सहाला मी डबे भरत असायचे. आधी तुमचा, मग त्याचा आणि उरलं तर माझा.

रविवारी आम्ही कुणा ना कुणा कारागिराकडे जातो. गेल्या रविवारी कुंभाराकडे गेलो होतो. त्यानं मला चाकावर बसवलं. माझ्या हातून जे काही तयार झालं त्याला त्यानं "राखेचं भांडं होईल" म्हटलं. आपल्या घरात कुणी विडी-सिगारेट ओढत नाही, तरी मी ते आणलंय.

चित्रकलेत मात्र पहिल्याच दिवशी फजिती झाली. पेंटर मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, हा कावळा तीन पायांचा कसा?"

मी म्हटलं, "मूळ चित्रात तसाच आहे."

"कुठलं मूळ?"

मी शिंपीणबाईच्या कागदाकडे बोट दाखवलं. झाड समोर होतं, कावळा समोर होता आणि मी शेजारणीच्या कागदावरून रेघ न् रेघ उतरवत होते. तिसरा पाय म्हणजे तिची पेन्सिल घसरली होती. मी तो इतका व्यवस्थित काढला होता की तिलाही पटेना तो तिचा म्हणून. सगळे हसून हसून लोळले. मीही हसले, पण घरी येईस्तोवर ते मनात डाचत राहिलं.

इतरांना कळणार नाही, तुम्हाला तरी कळायला हवं. मी ट्रेसर होते. मूळ नकाशा खाली ठेवायचा, वर ट्रेसिंग पेपर पसरायचा, चारी कोपरे चिकटवायचे आणि खालची रेघ दिसेल तशी शाईनं वर आणायची. खालचं चुकलेलं दिसलं तरी तसंच. चौतीस वर्षं मी तुम्हा लोकांच्या रेघा वर आणल्या. खाली कुणाचंच चित्र नाही असा कागद माझ्यापुढे कधी आलाच नाही. कोरा कागद बघितला की माझा हात पुढे सरत नाही.

पण मी शिकतेय. तेवढ्यासाठी तरी मला इथे राहू द्या, असं लिहिलं होतं. "राहू द्या" खोडलं आहे, दिसेलच तुम्हाला. मी राहतेय.

जागेवरच असलेली,
मी

१७ मार्च

अहो,

अक्षर कोंबडीच्या पायांसारखं आलंय, त्याचा बाऊ करू नका. पेन नवीन आहे, शाई धड उतरत नाही.

थोडी सर्दी आहे म्हणून चार दिवस फिरायला गेले नाही. बाकी ठणठणीत. शिंपीणबाई सकाळ-संध्याकाळ येऊन जाते. डब्यांची झाकणं उघडून देते, वेणी घालून देते. तिला आवड आहे, मी कशाला नको म्हणू?

खिडकीतून मागचं झाड दिसतं. सगळी पालवी आधी तांबूस येते आणि मग हिरवी होते, हे मी या वर्षी पहिल्यांदा पाहिलं.

तुमच्या पत्रात या वेळी "उत्तम" दोनदाच आहे. प्रकृती बरी आहे ना?

पत्र छोटं आहे. पेनामुळे.

मी

२५ मार्च

अहो,

हे पत्र लिहायला मला तीन दिवस लागलेत, तेव्हा घाईघाईनं वाचू नका.

शिंपीणबाईनं चिरंजीवाला फोन करून सगळं सांगितलं. मी तिच्याशी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी केस फारच विस्कटले, तेव्हा बोलावं लागलं. चिरंजीव फोनवर ओरडला. तुमचं पत्रही आलं, त्यातही ओरडाच आहे. "आता तरी हट्ट सोड. पंधरा तारखेला मी स्वतः येतोय, बॅग भरून ठेव." ठीक. तर आता खरं ते लिहिते.

पेन जुनंच आहे. हात नवीन आहे. बारा तारखेला मी पडले, उजवं मनगट मोडलं, प्लास्टर सहा आठवड्यांचं आहे. ही पत्रं डाव्या हातानं लिहितेय. सर्दी झाली नव्हती. लपवलं कारण तुम्ही दुसऱ्या दिवशी गाडी पाठवली असतीत, आणि प्लास्टर घातलेल्या बाईचं कुणी ऐकत नाही.

"म्हातारपणी रानोमाळ हिंडायचं, मग दुसरं काय होणार," असं तुम्ही लिहिलंय. मी रानात पडले नाही. मी पुलावर पडले. तुमच्या पुलावर.

आता जे लिहितेय ते एकतीस वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं.

आपल्या लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली होती. ओढ्यावरच्या पायपुलाचा नकाशा हा तुमचा पहिला स्वतंत्र नकाशा. खालच्या कोपऱ्यातल्या चौकटीत "रेखाटन" याच्यापुढे पहिल्यांदाच तुमची आद्याक्षरं आली होती, आणि "ट्रेसिंग" याच्यापुढे माझी येणार होती. पलीकडच्या टोकाला तुम्ही अकरा पायऱ्या काढल्या होत्या, प्रत्येकी पंधरा सेंटिमीटर उंचीच्या. शेजारी पुलापासून जमिनीपर्यंतची एकूण उंची लिहिली होती, एकशे बहात्तर. पंधराला अकरानं गुणलं की एकशे पासष्ट होतात. सात सेंटिमीटर कुठे गेले? मला ते पहिल्याच दुपारी दिसलं.

कचेरीत बोलायची सोय नव्हती. ट्रेसरनं बेरजा करायच्या नसतात, हे मोठ्या साहेबांनी मला पहिल्याच महिन्यात बजावलं होतं. म्हटलं, घरी जेवताना सांगू. पण त्या रात्री तुम्ही जेवताना किती बोललात, आठवतं? तुमचा स्वतःचा पूल म्हणून. मूल झाल्यावर बोलला नाहीत तेवढं बोललात. मला तोंड उघडवलं नाही. म्हटलं, तपासणारे बघतील. दुसऱ्या दिवशी जाऊन मी तुमची चूक काळ्या शाईत व्यवस्थित उतरवली. तपासणाऱ्यांनी न बघता सही ठोकली. गवंड्यानं दहा पायऱ्या कागदाप्रमाणे केल्या आणि उरलेलं सगळं शेवटच्या पायरीत घातलं. परवा शिंपीणबाईला टेप घेऊन पाठवलं होतं. बावीस भरली.

सगळं गाव तिथे अडखळतं. पोरं त्या पायरीला "ठेच" म्हणतात. मी एकतीस वर्षं तिथे जपून पाय टाकलाय, कुणाला का ते न सांगता. त्या दिवशी वर सुतारपक्षी खोडावर टकटक करत होता. आयुष्यात पहिल्यांदा मी पायाखाली न बघता वर बघत उतरले.

रागावायचं असेल तर रागवा. पण पडले म्हणून फिरणं बंद, हे मला सांगू नका. मी फिरायला गेले म्हणून पडले नाही. मी गप्प बसले म्हणून पडले.

मी

२ एप्रिल

अहो,

पाच ओळींचं पत्र. पैकी चार ओळी गवंड्यावर. "त्यानं जागेवर मोजमाप चुकवलं असणार."

गवंड्याला यातून सोडा. त्या नकाशाची एक प्रत आपल्याच कपाटात आहे, कारण तुम्ही ती जपून ठेवली होती. ती काढून समोर ठेवूनच मी मागचं पत्र लिहिलं. आकडे तुमच्या हातचे आहेत, शाई माझ्या हातची आहे. तुमची चूक बेरजेची. माझी चूक तुमच्यापेक्षा मोठी, कारण मला ती दिसली होती. मी माझी कबूल केली. तुम्ही तुमची करा, मग आपण दोघं मिळून गावच्या कचेरीत अर्ज देऊ आणि पायरी दुरुस्त करून घेऊ. नाहीतर मी एकटी देईन. अर्ज डाव्या हातानं लिहून तयार आहे.

पाचव्या ओळीत तुम्ही लिहिलंय, "एवढं मनात होतं तर बोलली का नाहीस कधी?" हा प्रश्न मात्र बरोबर आहे. मी दोन दिवस त्यावर विचार केला. पायरीचं एकच सांगितलं, पण तसं पुष्कळ आहे. या घराच्या खिडक्या पश्चिमेला ठेवायच्या हे तुम्ही ठरवलंत. दर उन्हाळ्यात आपण दुपारी भाजतो, आणि मी पडदे शिवत राहिले. चिरंजीवानं काय शिकायचं ते तुम्ही ठरवलंत. रिटायर झाल्यावर त्याच्याकडे राहायचं, तेही तुम्हीच. तुम्ही वाईट नव्हता. कधी आवाज चढवला नाहीत. तुम्ही काढलंत, मी वर कागद ठेवला. मला ते सोपं गेलं, हेही खरंच आहे. चुकलं तर नाव तुमचं, माझं अंग राखलेलं.

आता दुसरी बातमी. प्लास्टर घेऊन मी पुन्हा टोळीत जायला लागले. पूल टाळत नाही, शिंपीणबाईचा खांदा धरून उतरते. पहिल्या दिवशी मी नुसती बसून होते. पेंटर म्हणाले, "काय ताई, कागद कुठाय?"

मी प्लास्टर दाखवलं.

"मग डावा आहे की."

"डाव्याला काही येत नाही हो."

"अहो, मग बरंच आहे. उजव्याला फार येतं, तीच तर पंचाईत होती."

मला राग आला. रागातच पेन्सिल डाव्या हातात धरली. शेजारी शिंपीणबाई काढत होती, सवयीनं तिच्या कागदाकडे बघितलं आणि उतरवायला गेले. जमेना. डाव्या हाताला नक्कलही येत नाही. तिची रेघ इकडे तर माझी तिकडे. शेवटी तिचा नाद सोडला आणि सुतारपक्ष्याच्या झाडाकडे बघितलं. दीड तास बघत होते आणि काढत होते. खोड वाकडं आलं, फांद्या थरथरत्या आल्या, पक्षी बटाट्याएवढा आला. पण ते झाड कुणाच्या कागदावरून आलेलं नाही. घरी येताना मी रस्त्यानं एकटीच हसत होते. किराणावाल्यानं विचारलंसुद्धा, "काकू, काही खुशखबर?"

बॅग भरलेली नाही.

मी

९ एप्रिल

अहो,

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर आमचं प्रदर्शन लागलंय. गावातलं सगळं हातकाम एका खोलीत. कुंभाराचे रांजण, बसड्रायव्हरनं सुट्टीच्या दिवशी कोरलेले लाकडी चमचे, शिंपीणबाईची चिंध्यांची गोधडी, आणि भिंतीवर आमची चित्रं. माझं झाड खिडकीजवळ लावलंय.

लावायच्या आधी पेंटर म्हणाले, "ताई, खाली नाव टाका." सवयीचा भाग म्हणून मी उजव्या कोपऱ्यात चौकट आखली आणि तीन ओळी लिहिल्या. रेखाटन, माझं पूर्ण नाव. ट्रेसिंग, नाही. तपासणी, गरज नाही. पेंटर ते वाचून ज्याला त्याला बोलावून दाखवत सुटले.

माझं प्लास्टर घालणारे डॉक्टरही येऊन गेले. म्हणाले, "हे डाव्या हातानं? मग उजवा बरा कशाला करू?" मी म्हटलं, भाकऱ्या थापायला नाही, एवढं नक्की. ते हसले. त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय.

तुमच्याकडून आठ दिवसांत पत्र नाही. आला तो सूनबाईचा फोन. ती कधी आपणहून फोन करत नाही, म्हणून मी घाबरले. ती हळू आवाजात बोलत होती. तुम्ही पहाटे पाचला उठता, म्हणाली. कुणाची झोप मोडू नये म्हणून दिवा न लावता दाराबाहेर जिन्यात जाऊन बसता. दिवसा खालच्या बागेत एकाच बाकावर. तिथे कुणाशी ओळख नाही. जेवायला काय करू विचारलं की "काहीही चालेल" म्हणता. संध्याकाळी चिरंजीव विचारतो, "बाबा, बरं वाटतंय ना?" आणि तुम्ही म्हणता, "उत्तम."

आणि गेल्या आठवड्यात तुम्ही तिच्याकडे कागद मागितलात आणि त्यावर एक जिना काढून बसलात. अकरा पायऱ्यांचा. पुन्हा पुन्हा गुणाकार करत होतात. तिला काही कळलं नाही. मला कळलं.

मी फोन ठेवला आणि रडले. हे लपवत नाही, कारण लपवून काय होतं ते आपण दोघांनी बघितलंय. मला तुमची आठवण येते. सकाळी तुमच्या खाकरण्याचा आवाज येत नाही तर घर ओकंबोकं वाटतं. रेडिओवर बातम्या लागल्या की मी अजून आवाज मोठा करते, तुम्हाला ऐकू यावं म्हणून. पण आठवण येते म्हणून मी तिकडे येऊन तुमच्या शेजारी जिन्यात अंधारात बसणार नाही. मी माणूस सोडायला तयार नाही आणि ओढाही सोडायला तयार नाही.

तुम्हीही दुसऱ्याच्या चित्रावर कागद ठेवून बसला आहात. चिरंजीवाचं आहे म्हणून ते आपलं होत नाही. त्याचा संसार चांगला आहे, त्याच्यासाठी.

पंधराला या. वाट बघते.

मी

१५ एप्रिल, सकाळी साडेपाच

अहो,

हे टेबलावर ठेवून जातेय. तुमची गाडी सातला पोचते आणि मी सहाला बाहेर पडते. तुम्ही येणार म्हणून एक दिवस घरी थांबावं, असं मनात आलं होतं. थांबले नाही. तुम्हाला घरात बसून वाट बघणारी बायको सापडली असती, तर सगळं पूर्वीसारखंच आहे असं वाटलं असतं.

दार नुसतं लोटलंय. चहाचं पाणी गॅसवर ठेवलंय, पेटवायचं तेवढं बाकी आहे, साखर जिथे असते तिथेच. आत दोन्ही खाटांवर चादरी घातल्यात. बॅग मी भरलेली नाही, शोधू नका.

काल रात्री तुम्ही गाडीत होतात तेव्हा मी चिरंजीवाला फोन केला. त्याला म्हटलं, "तुझे बाबा आता परत येणार नाहीत. ते इथेच राहतील."

तो म्हणाला, "आई, बाबांना विचारलंस का?"

मी म्हटलं, "तुम्ही मला विचारलं होतंत?"

मग मागून सूनबाई म्हणाली, "आई, त्यांना तेच हवंय. फक्त ते तोंडानं म्हणणार नाहीत." मग चिरंजीव म्हणाला, "ठीक आहे. मी त्या कुटुंबाला दुसरं घर बघायला सांगतो." आवाजावरून तो दुखावलाय. त्याला मी वेगळं पत्र लिहीन.

तर हे मी ठरवलंय. तुम्हाला न विचारता, अगदी तुमच्यासारखं. बरं केलं नाही, मला माहीत आहे, पण खाली माझं चित्र आणि वर तुमचा कागद, हे एकदा तरी तुम्ही बघावं असं वाटलं. यात काही चुकलेलं दिसलं तर गप्प बसू नका. जेवायची वेळ बघू नका, मी खुशीत आहे का ते बघू नका. मी आल्या आल्या, चपला काढायच्या आधी, मला सांगा. आपण भांडू. आपल्याला भांडायला अजून पुष्कळ वर्षं आहेत.

मी नऊला येते.

तुमची पेटी चिरंजीव गुरुवारी पाठवतोय.

मी